धर्मशाळेतलं पहिलं पान

दवंडीवाला शालनबाईच्या दारापाशी येऊन थांबला, तेव्हा ती उंबऱ्याच्या आत बसून गोधडीला टाके घालत होती.

"ऐका हो. उद्यापास्नं शाळा उघडंस्तवर भैरवनाथाच्या धर्मशाळेत गोरगरिबांच्या पोरांना खेळ, गाणी, गोष्टी आन् दुपारचं जेवान. फुकाट. ज्येनं त्येनं आपलं ताट आणावं हो."

हलगीवर दोन थापा पडल्या आणि तो पुढं गेला. गावात दारं काय थोडी होती? पण थांबायला त्याला हेच दार सापडलं. शालनबाईनं सुई गोधडीत तशीच टोचून ठेवली आणि मधल्या भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं तिची जाऊ गोजाबाई हसत होती. हसणं ऐकू येत नव्हतं, पण शालनबाईला ते ठाऊक होतं.

भिंत अलीकडची होती. त्याआधी ते सगळं एकच घर होतं, पाटलाचं. सासरे भिमाजी पाटील गेल्यावर थोरला मुलगा मालोजी, म्हणजे शालनबाईचा नवरा, पाटील झाला. तो तापाच्या साथीत गेला आणि मागं दोन मुली राहिल्या, भागू आणि ठकी. मुलगा नाही म्हटल्यावर धाकट्या अर्जुनरावानं कारभार हातात घेतला. त्याच सुमाराला रेल्वेपलीकडचं रान नव्या कारखान्यात गेलं. रानाच्या मोबदल्याचं जे काही आलं ते घराचा कर्ता म्हणून अर्जुनरावाच्या हातात आलं, आणि तिथून पुढं सरकलं नाही. शालनबाईला दोन खण, परसातला एक शेवगा आणि ही भिंत मिळाली.

कुणाच्या रानात खुरपायला गेली असती तर तिघींचं भागलं असतं. कारखान्याच्या बांधकामावर पाट्या टाकायला बायका लागत होत्या, बीड-उस्मानाबादकडून आलेल्या बाया तिथं रोज जात होत्या. पण पाटलाच्या सुनेनं दुसऱ्याच्या बांधावर जायचं नाही, हे गावाला जेवढं माहीत होतं त्याहून जास्त शालनबाईला माहीत होतं. माहेर निघोज्याला. तिथं भाऊ होता, पण भावाकडं हात पसरायचा तर भावजय पहिल्यांदा तो हात नीट बघून घेणार. म्हणून ती दार लोटून गोधड्या शिवायची आणि चिंचवडच्या एका बाईकरवी विकायची. घरातली भांडी एकेक करून कासाराकडं गेली होती.

शाळा चालू होती तोवर मुलींना मधल्या सुट्टीत पावडरीचं दूध मिळायचं. त्या दुधावर दुपार ढकलता यायची. वैशाखात शाळा बंद झाली आणि दूधही बंद झालं. दुपारी ठकी मधल्या भिंतीला पाठ लावून बसायला लागली. ऊन कडक असताना ही पोर तापल्या भिंतीला का चिकटते, हे शालनबाईला आधी कळेना. मग कळलं. पलीकडं गोजाबाईची चूल होती आणि तळणाचा वास भिंतीवरून येत होता. तिनं ठकीला दंडाला धरून उठवलं आणि एक चापट ठेवून दिली. ठकी रडली नाही. तिनं फक्त जागा बदलली.

दवंडीच्या दिवशी संध्याकाळी सुमनताई घरोघर फिरत आल्या. कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या एका साहेबांची ही बायको. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, बरोबर कॉलेजातल्या दोन मुली. हे सुटीचं केंद्र त्यांच्याच महिला मंडळानं काढलेलं.

"या घरात मुलं आहेत ना?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"हायेत. का?"

"धर्मशाळेत पाठवा उद्यापासून. सुटीत उन्हातान्हात भटकण्यापेक्षा..."

"माझ्या पोरी भटकत न्हाईत."

"तसं नाही हो. जेवणही आहे. गरीब घरच्या मुलांना सुटीत जरा..."

"बाई," शालनबाई म्हणाली, "गाव नवं हाय तुमाला. ह्ये पाटलाचं घर हाय."

सुमनताईंची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. आत भिंतीला भांड्यांची लाकडी मांडणी होती आणि तिच्यावर दोन जर्मनच्या पातेल्या आणि एक तांब्या सोडून काही नव्हतं. नजर तिथं पोचली आणि लगेच परत आली. ती लगेच परत आली हेच शालनबाईला जास्त झोंबलं.

"चुकलं माझं," सुमनताई म्हणाल्या. "खेळायला म्हणून पाठवा."

"बगू," म्हणून शालनबाईनं दार लावून घेतलं.

रात्रभर तिनं मनातल्या मनात त्या बाईला काय काय ऐकवलं. सकाळी उठून मुलींच्या वेण्या घातल्या, तेलाचं बोट लावून पुसून घेतलं आणि म्हणाली, "खेळायला जायचं. जेवायला बसवलं तर बसायचं. पार शेवटाला बसायचं. कुनी इचारलं कुनाच्या पोरी, तर बोलायचं न्हाई."

"गावात कुनाला ठावं न्हाई व्हय आमी कुनाच्या ते?" भागू म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि जीभ आईची घेऊन आली होती.

"तरी बोलायचं न्हाई. वाढनारा गुरव पत्रावळ दिल, तिच्यावं जेवायचं."

दुपारी मुली परत आल्या त्या दोघी एकदम बोलत. धर्मशाळेत लेझीम होती. गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी होती आणि ती पुस्तकं हातात घेऊ देत होते. ठकीला कागदाची होडी करता यायला लागली होती. जेवायला लापशी होती, चवळीची उसळ होती, भात होता. सांगता सांगता ठकी जमिनीवर आडवी झाली आणि तोंड उघडं टाकून झोपली. पोट फुगून वर आलेलं. शालनबाई तिच्याकडं बघत बसली. तिला बरं वाटायला हवं होतं. तिला त्या पांढऱ्या पातळाचा राग येत होता, दवंडीवाल्याचा येत होता, मेलेल्या नवऱ्याचासुद्धा येत होता. पण दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वेण्या घातल्या.

असे काही दिवस बरे गेले. मग ताटाचं झालं.

या ताटाची गोष्ट सांगायला हवी. गावात भैरवनाथाच्या उत्सवाला गावजेवण असायचं. सगळा गाव पत्रावळीवर जेवायचा. फक्त पंगतीच्या तोंडाला पाटावर एक पितळेचं ताट मांडलं जायचं, रुंद, जड, काठाला वेलबुट्टी आणि मधोमध कोरलेलं सासऱ्यांचं नाव, भिमाजी बिन मालोजी पाटील. दत्तोबा गुरव ओगराळं घेऊन आला की पहिलं त्या ताटात वाढायचा, मोठ्यानं "पाटलांचं पान" म्हणायचा, मग बाकीच्यांना वाढायचा. आणि पाटलानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी अन्नाला हात लावायचा नाही. असं किती पिढ्या चाललं होतं कोण जाणे. मालोजी गेल्यावर अर्जुनराव पाटावर बसायला लागला, पण ताट नव्हतं. वाटणीच्या वेळी ते सापडलंच नाही. त्यानं पुण्याहून आपल्या नावाचं नवं करकरीत ताट करून आणलं. लोक त्यात वाढलेलं बघायचे आणि आपसांत म्हणायचे, ताट नवं हाय.

जुनं ताट शालनबाईच्या कणगीत होतं, भुशाखाली. सगळी भांडी कासाराकडं गेली तरी ते गेलं नाही. माझ्या नवऱ्याचा मान पलीकडच्या घरात जाऊ देणार नाही, एवढंच तिला कळत होतं. दाणे संपून कणगीत नुसता भुसा उरला, तरी ताट तिथंच राहिलं.

धर्मशाळेत कुणी ठरवलं नव्हतं, पण दोन ओळी पडल्या होत्या. घरून ताट आणणाऱ्या पोरांची एक आणि पत्रावळीची एक. पत्रावळीच्या ओळीत बांधकामावरच्या मजुरांची, दगड फोडणाऱ्या वडारांची पोरं बसायची. तिथंच भागू आणि ठकी. एके दिवशी ताटाच्या ओळीतली एक पोर भागूला म्हणाली, "तुमच्यात एक ताट पन न्हाई व्हय गं? पाटील म्हनिवता."

दुसऱ्या दिवशी आई गोधड्या घेऊन चिंचवडला गेल्यावर भागूनं कणगीत हात घातला.

शालनबाई उन्हातून परत आली तर दत्तोबा गुरव ओट्यावर बसला होता, डोक्यावरचं मुंडासं मांडीवर काढून ठेवलेलं. पिकला म्हातारा. गावातल्या सगळ्या पंगती त्याच्या हातून वाढल्या गेलेल्या, म्हणून सुमनताईंनी केंद्राच्या स्वयंपाकालाही त्यालाच धरलं होतं.

"पाटलीणबाई, माझ्या हातनं चूक झाली का बराबर झालं ते मला कळंना," तो म्हणाला.

"काय झालं?"

"मी आमटीची बादली घिऊन निगालो. त्या बाई म्हंत्यात, हिकडनं सुरू करा. म्या बगतो तर पार त्या कडंला ताट. थोरल्या पाटलांचं. भागीच्या म्होरं. माझा पाय आपसूक तिकडं वळला. वाढलं, आन् तोंडातनं गेलं, पाटलांचं पान."

शालनबाईनं मधल्या भिंतीकडं बघितलं.

"मोठ्यानं?"

"मला हळू कुठं येतंय म्हनायला? देवळाच्या पायरीवं मानसं बसली हुती. त्यातल्या यशवंतरावांनी इचारलं, कुठाय रं पाटलांचं पान? म्या बोट दाखिवलं. आन् तुमची भागी बी वस्ताद. पैला घास घेतला आन् समद्या पोरांकडं बगून म्हंती, हां, आता जेवा."

हे सांगताना म्हाताऱ्याला हसू आलं. शालनबाईला आलं नाही. तो गेल्यावर तिनं भागूला बोलावलं. मार चुकणार नाही हे भागूला माहीत होतं, म्हणून ती स्वतःच जवळ येऊन उभी राहिली. शालनबाईनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला. पाटलाच्या पोरी धर्मशाळेत फुकटचं जेवतात हे आता झाकलं राहणार नव्हतं. मारून काय उपयोग होता?

भिंतीपलीकडून आवाज यायला उशीर लागला नाही.

"ऐकलंत का," गोजाबाई कुणाला तरी सांगत होती, पण तोंड भिंतीकडं होतं, "आमच्या घराण्याचं ताट आता भिकेला लागलं म्हनं. धर्मशाळेत मांडून ठिवलंय. लाज इकली ती इकली, ताट तरी घरात ठिवायचं."

"ताट घरात हाय म्हनून बाहीर निगालं," शालनबाई शेवग्याखालून म्हणाली. "ज्येच्या घरात न्हाई त्येनं पुण्याला जाऊन करून आनावं."

पलीकडं उखळात मुसळ जोरात आदळलं.

गोजाबाईला फक्त भीक दिसली होती. अर्जुनराव तसा नव्हता. संध्याकाळी पायरीवरच्या माणसांनी त्याला काय झालं ते सांगितलं तेव्हा त्याच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली. गुरवानं पंगतीत, चारचौघांत, पाटलांचं पान म्हणून ओरडून शालनबाईच्या पोरीला वाढलं होतं. पुढच्या उत्सवालाही हाच गुरव, हीच पायरीवरची माणसं. तो तडक तिच्या दारात आला.

"वैनी, ताट द्या."

"कशाला?"

"ते घराण्याचं हाय."

"मग मी कुनाच्या घराण्याची?"

"पोरगा असता तर बोललो नसतो. मान पोरींकडं जात न्हाई."

"गुरवानं तर दिला."

"गुरव म्हातारा झालाय. त्येला दिसत न्हाई."

"ताट दिसलं की."

अर्जुनरावानं उपरणं झटकलं. मग म्हणाला, "बरं. उद्या बगू गुरव कुनाला वाढतो ते," आणि गेला.

दुसऱ्या दिवशी शालनबाईनं मुलींना ताट घेऊ दिलं नाही असं नाही. भागूनं विचारलं, "नेऊ?" आणि ती म्हणाली, "ने. आता लपवायचं काय ऱ्हायलंय?" तिच्यातली पाटलीण जागी झाली होती, हे खरं. पोटापेक्षा ती मोठी आहे असं तिला त्या सकाळी वाटलं.

अर्जुनरावानं आपली दोन्ही पोरं धर्मशाळेत पाठवली. त्या घरात दूधदुभतं होतं, पोरं गुबगुबीत होती, त्यांना लापशी नको होती. पण बापानं त्यांना भागूच्या समोर बसवलं, पुढं नवं ताट मांडलं आणि स्वतः खांबाला टेकून उभा राहिला. दत्तोबा बादली घेऊन आला आणि मधेच थांबला. इकडं एक ताट, तिकडं एक ताट. दोन्हींवर पाटलाचं नाव कोरलेलं. तो उभाच राहिला.

"अहो वाढा ना," सुमनताई म्हणाल्या.

"कुनाला वाढू?"

"कुणालाही. सगळी सारखीच आहेत."

"कशी सारखी?" दत्तोबा म्हणाला. "बाई, पैलं पान चुकलं तर पंगत बाटती."

सुमनताईंनी स्वतः ओगराळं घेतलं आणि समोरच्या पोराच्या पत्रावळीवर वाढलं. ते वडाराचं पोर. त्यानं वाढलेल्याकडं बघितलं, मग खांबाला टेकलेल्या अर्जुनरावाकडं बघितलं, आणि हात मागं घेतला. ताटाच्या ओळीतलीही पोरं तशीच बसून राहिली. गावची पोरं ती. पहिल्या घासाशिवाय जेवायचं नाही, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. आमटीवर साय धरली. ऊन धर्मशाळेच्या मधोमध आलं, धाकटी पोरं रडायला लागली. शेवटी सुमनताईंनी सगळ्यांना उभं केलं आणि ज्याच्या त्याच्या ओंजळीत भात देऊन घरी पाठवलं.

पुढच्या दिवशी तर आणखीच झालं. अर्जुनरावाच्या बाजूचे चार कुणबी आपापली पोरं घेऊन आले, शालनबाईची कड घेणारे तीन आले. तिची कड घेण्यात त्यांना तिचं काही पडलेलं नव्हतं, अर्जुनरावाशी त्यांचं बांधावरून वाकडं होतं. खाऊनपिऊन सुखी घरातल्या पोरांनी धर्मशाळा भरली. पत्रावळीच्या ओळीतली पोरं दारात उभी राहिली, कारण बसायला जागा नव्हती. पंगत त्या दिवशीही बसली नाही. लेझीम झाली नाही, पुस्तकांची पेटी उघडली नाही. ठकी घरी आली आणि न बोलता मधल्या भिंतीला पाठ लावून बसली.

शालनबाईनं ते बघितलं.

त्या संध्याकाळी सुमनताई पुन्हा दारात आल्या. या वेळी पिशवी नव्हती, बरोबर मुली नव्हत्या. चेहरा उतरलेला होता आणि आवाज चढलेला.

"शालनबाई, मी भांडायला आलेले नाही."

"मग आवाज कशापायी चढलाय?"

सुमनताईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. "दोन दिवस अन्न फुकट गेलं. उद्या पंगत नीट बसली नाही तर केंद्र इथून हलवणार. रेल्वेपलीकडं मजुरांच्या झोपड्या आहेत, तिथं मांडव घालू. तिथली मुलं तरी जेवतील. तुमच्या गावाला मुलांपेक्षा ताटं मोठी झालीत."

"आमच्या गावाचं तुमी सांगू नगा. दवंडी पिटून जेवायला बोलिवलं तुमी. आमच्यात कुत्र्यालासुदीक हाक मारून घालत्यात, हलगी वाजवून न्हाई."

सुमनताई आवाज उतरवून म्हणाल्या, "हे मला कळलं नाही तेव्हा. पण उद्याचं काय ते तुम्ही बघा," आणि गेल्या. रेल्वेच्या पलीकडं एवढ्या लांब उन्हातून दोन पोरी रोज पाठवणं शक्य नव्हतं. मजुरांच्या वस्तीत जाऊन जेवणं तर त्याहून अशक्य होतं. म्हणजे उद्या पंगत बसली नाही तर शाळा उघडेपर्यंत पुन्हा ती भिंत आणि तो वास.

सकाळी शालनबाई परसात बसली. चिंच आणि राख घेऊन तिनं ताट घासलं. नाव घासलं, वेलबुट्टी घासली, काठाच्या मागची बाजूही घासली. ऊन पडल्यावर ताटाकडं बघवेना. मग तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, ताट दोन्ही हातांत समोर धरलं आणि भर दुपारी, गावाच्या मधल्या रस्त्यानं, धर्मशाळेकडं निघाली. मालोजी गेल्यापासून ती या रस्त्यानं अशी उघडपणे आली नव्हती. ओट्यावरची माणसं बोलता बोलता थांबली आणि तिच्या मागोमाग उठून चालायला लागली.

धर्मशाळेत कालच्यासारखीच गर्दी. अर्जुनराव खांबाला. समोर त्याची पोरं, पुढं नवं ताट. दत्तोबा बादली खाली ठेवून भिंतीला बसलेला. शालनबाई सरळ अर्जुनरावापुढं गेली.

"भावजी, हे घ्या. हेच पायजे हुतं न्हवं?"

अर्जुनरावाला ते अपेक्षित नव्हतं. हात पुढं करावा की नाही, त्याला सुचेना. मग त्यानं ताट घेतलं. जुनं ताट हातात आल्यावर त्याचा चेहरा उजळला, ते सगळ्यांनी बघितलं.

"सांगा दत्तोबा," शालनबाई वळून म्हणाली, "आता ताट यांच्याकडं. पाटील ह्ये. बराबर?"

"बराबर," दत्तोबा उठून म्हणाला.

"माझं काय मागनं न्हाई. माझ्या पोरी पत्रावळीवं जेवतील. मान यांचा. पर मला एक सांगा, गावजेवनाला पाटलाच्या पानावर कोन बसतं? पाटील का पाटलाची पोरं?"

"पाटील सोता."

"आन् पैला घास?"

"पाटलाचाच."

"मग बसा की भावजी," शालनबाई म्हणाली. "पोरं खोळंबलीत."

अर्जुनरावानं पायरीकडं बघितलं. तिथं यशवंतराव होते, अर्धा गाव होता. समोर गोरगरिबांची पंगत. दवंडी पिटून बोलावलेली.

"ही काय गावजेवनाची पंगत न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई? मग दोन दिस मान कसला मागत हुता?"

कुणीतरी हसलं. अर्जुनरावानं कोण ते बघितलं, पण दिसलं नाही.

"बसायचं नसंल तर तसं म्हना," शालनबाई म्हणाली. "पाटलानं पान सोडलं, असं दत्तोबा मोठ्यानं सांगतील. त्यांना हळू येत न्हाई."

"बसा अर्जुनराव," पायरीवरून यशवंतराव म्हणाले. "ताट मिळालंय, आता येळ लावू नगा."

उठून जाणं म्हणजे मान सोडणं, आणि मान सोडायला तो जन्मला नव्हता. ताट घेऊन अर्जुनराव बसला. बसायला जागा होती ती नेमकी पत्रावळीच्या ओळीच्या तोंडाला. पांढरंशुभ्र धोतर सावरून, जरीचं उपरणं मांडीवर घेऊन, वडाराच्या उघड्या पोराच्या शेजारी पाटील बसला. दत्तोबानं बादली उचलली, पुढं आला, वाकून लापशी वाढली, आणि गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पाटलांचं पान."

अर्जुनरावानं घास उचलला. शेजारच्या उघड्या पोरानं मान वर करून त्याच्याकडं नीट बघितलं आणि पलीकडच्या पोराला विचारलं, "ए, यांच्या घरी बी न्हाई का काय खायला?"

मग पायरीवरचं हसू थांबेना. हसत हसत पोरं जेवायला लागली. भागू आणि ठकी शेवटाला होत्या, पत्रावळीवर. आमटीचा ओघळ ठकीनं बोटानं अडवला आणि चाटला.

सुमनताई शालनबाईजवळ आल्या. "तुम्ही फार..." त्या म्हणायला लागल्या.

"बाई," शालनबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "लापशीत गूळ दिसत न्हाई. उद्या जरा सडळ हातानं टाका." आणि निघून गेली.

मान घेतला की तो रोजचा. दत्तोबा त्या बाबतीत कुणाचं ऐकणारा नव्हता. रोज दुपारी तो अर्जुनरावाच्या दारात जाऊन उभा राहायचा आणि हाक मारायचा, "पाटील, पंगत खोळंबलीया." अर्जुनराव जायचा. पायरीवर बघे असायचे, काही तर थेरगावाहून नदी ओलांडून आलेले. त्यानं आपली पोरं आणणं बंद केलं, त्याच्या बाजूच्या कुणब्यांनीही आपली पोरं घरी ठेवली, आणि बसायला पुन्हा जागा झाली. मग एक दिवस अर्जुनराव चाकणला काम आहे म्हणून सकाळीच निघून गेला. दुसऱ्या दिवशीही काम निघालं. दत्तोबानं दाराशी जाऊन विचारलं, मग पायरीवर येऊन जाहीर सांगितलं की पाटलानं पान सोडलंय, आता ज्याला भूक त्यानं जेवावं.

त्याच दिवशी दुपारी शालनबाई शेवग्याखाली बसली असताना भिंतीवरून काहीतरी चकाकत आलं आणि परसात दणकन आदळलं. ठकी दचकून उठली. जुनं ताट मातीत पडलं होतं. काठाला पोचा आला होता आणि आत वाळलेला भात चिकटला होता.

"घ्या तुमचं खरकटं," भिंतीपलीकडून गोजाबाई म्हणाली.

"घासून तरी टाकायचं," शालनबाई म्हणाली. "एवढ्या मोठ्या घरात राख न्हाई व्हय?"

पलीकडून दार आपटल्याचा आवाज आला.

भागूनं ताट उचललं, परकरानं पुसलं आणि नाव वाचलं. तिला ते आता भराभर वाचता येत होतं. "आई, उद्या नेऊ?"

"न्हाई."

"मग कणगीत ठिवू?"

शालनबाईनं विचार केला. पुढच्या उत्सवाला पाटावर काय मांडलं जाईल, कुणाचं नाव घेतलं जाईल, याचा तिनं आजवर कितीदा विचार केला होता. आता तो करायला बसली तर तिला ठकीच दिसायला लागली, भिंतीला पाठ लावलेली.

"घागरीतलं पानी घाल त्यात," ती म्हणाली.

भागूनं ताट सपाट जागी ठेवून पाणी भरलं. पोचा आलेल्या बाजूनं थोडं सांडलं. ठकीला सांगावं लागलं नाही. तिनं धर्मशाळेतून आणलेल्या कागदाची होडी केली आणि पाण्यात सोडली. फुंकर मारली की होडी आजोबांच्या नावावरून सरकायची आणि काठाच्या पोच्याशी जाऊन अडायची. पुन्हा फुंकर, पुन्हा अडायची. ठकी खुदकन हसली आणि मग सवयीनं हात तोंडावर धरला.

"हात काढ," शालनबाई म्हणाली. गोधडी मांडीवर ओढून तिनं सुई हातात घेतली आणि मधल्या भिंतीकडं तोंड करून बसली. "मोठ्यानं हस. पलीकडं ऐकू जाऊ दे."